तिचा मंगळवार कसा जाईल? सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींच्या मराठी आईबाबांना खुले पत्र

स. न. वि. वि.

ऑगस्ट संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. कधी मंडळातली मैत्रीण, कधी तिच्या नणंदेच्या ओळखीतलं कुणी, कधी गणपतीत प्रसादाच्या रांगेत एकदाच भेटलेले एखादे काका. "आमची यंदा ज्युनियर (म्हणजे अकरावीत). १ सप्टेंबर आलाच. आता काय करायचं?" प्रत्येकाशी अर्धा-पाऊण तास बोलणं होतं, आणि फोन ठेवला की आठवतं, अरे, ते एक सांगायचं राहूनच गेलं. म्हणून या वेळी सगळ्यांना मिळून लिहिते आहे. अमेरिकेत ज्यांच्या घरी मागच्या दाराशी चिखलाने माखलेले क्लीट्स आणि गाडीच्या डिकीत बारा महिने बॅटची पिशवी असते, त्या सगळ्या मराठी आईबाबांना.

माझी लेक कॅचर आहे, म्हणजे बॅट घेतलेल्या खेळाडूच्या मागे बसून चेंडू पकडणारी. सध्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेजच्या खेळांच्या तीन गटांतल्या तिसऱ्या) टीममध्ये खेळते आणि केमिकल इंजिनिअरिंग शिकते. ती तिथे सुखात आहे. पण तिथवर पोचताना आम्ही नवराबायकोंनी जवळजवळ दोन वर्षं चुकीच्या दिशेने धावाधाव केली, आणि ती चूक शेवटी लेकीनेच सावरली. तुमची दोन वर्षं वाचावीत एवढ्यासाठी हे पत्र.

मी मूळची अमरावतीची. शाळेत असताना मीही सॉफ्टबॉल खेळले आहे, जिल्हा स्पर्धांपर्यंत. आपल्याकडे हा खेळ अगदीच अनोळखी नाही. पण आमच्या वेळी खेळाचा आणि पुढच्या आयुष्याचा संबंध एवढाच, की दहावी-बारावीला वाढीव गुण मिळत, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव झाल्या. प्रमाणपत्र नीट फायलीला लावून ठेव, कधीतरी उपयोगी पडेल, असं बाबा म्हणायचे. तीच समजूत घेऊन मी इथे आले आणि लेकीच्या खेळाकडेही प्रमाणपत्र म्हणूनच बघत राहिले. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं तसंच होतं, हे आता फोनवरच्या प्रश्नांवरून मला कळतं. "सॉफ्टबॉलवर आयव्ही मिळतं म्हणे?" "फुल स्कॉलरशिप किती जणींना मिळते?" "डिव्हिजन वनच हवं ना?" सगळे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: कोण घेतंय?

इथे कॉलेजचा कोच स्वतः टीम निवडतो, अ‍ॅडमिशन ऑफिसात त्याच्या शब्दाला कमी-जास्त वजन असतं, आणि एकदा घेतलं की पुढची चार वर्षं त्या मुलीच्या दिवसाचं वेळापत्रक त्याच्या हातात असतं. म्हणून "कोण घेतंय" याच्या आधी एक प्रश्न विचारा अशी माझी विनंती आहे. फेब्रुवारीतला एखादा साधा मंगळवार तिथे तिचा कसा जाईल? किती वाजता उठेल, कुठले तास बसता येतील, कुठले बुडतील, जेवेल कुणाबरोबर, अभ्यासाला कधी बसेल? हा प्रश्न आम्हाला फार उशिरा सुचला.

आधी त्या १ सप्टेंबरबद्दल, कारण घबराट तिथूनच सुरू होते. पूर्वी सॉफ्टबॉलमध्ये आठवीतल्या, कधी त्याहून लहान मुलीही कॉलेजला तोंडी शब्द देऊन मोकळ्या व्हायच्या. तेरा वर्षांची पोर, जिला आपल्याला काय शिकायचंय हेही ठाऊक नाही, तिचं कॉलेज ठरलेलं! २०१८ साली एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेने, यावर नियम केला. डिव्हिजन वनचा कोच मुलीशी किंवा तिच्या घरच्यांशी रिक्रूटिंगचं बोलणं ज्युनियर वर्षाच्या १ सप्टेंबरआधी करू शकत नाही. फोन नाही, मेलला उत्तर नाही, ऑफर नाही. त्यामुळे दहावीतल्या मुलीने पाठवलेल्या चाळीस मेलना उत्तर आलं नाही तर ती नापास झाली असं समजू नका. उत्तर द्यायला त्यांना बंदीच आहे.

आणि बंदी असूनही जे येतं त्याने हुरळून जाऊ नका. कॅम्पची आमंत्रणं आणि माहितीचे फॉर्म पाठवायला परवानगी असते. "आमच्या कॅम्पला तू यावंस असं आम्हाला फार वाटतं" अशी मेल आली की घरात पेढे वाटावेत असं होतं. आम्ही एका उन्हाळ्यात अशा चार आमंत्रणांवर विमानाने गेलो. चारही ठिकाणी शेकडो मुली होत्या, सगळ्यांना तीच मेल आलेली. कॅम्प वाईट असतात असं मी म्हणत नाही. एका कॅम्पमध्ये लेकीला तिथल्या असिस्टंट कोचने गुडघ्यावर बसून चेंडू अडवण्याची जी रीत दाखवली ती ती आजही वापरते. पण कॅम्प म्हणजे निवड नव्हे. खरी आवड कशी ओळखायची? १ सप्टेंबरनंतर कोच स्वतः फोन करतो, मार्कशीट मागतो, पुढच्या स्पर्धेत कोणत्या मैदानावर किती वाजता खेळणार आहेस हे विचारतो आणि खरंच कुंपणामागे येऊन उभा राहतो. बाकी सगळी टपाल.

१ सप्टेंबरला मध्यरात्री काही मुलींचे फोन वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवर त्याचे फोटो येतात. ज्यांचे वाजत नाहीत त्या मुली त्या आठवड्यात जेवत नाहीत नीट. माझी जेवली नव्हती. तेव्हा तिच्या ट्रॅव्हल टीमच्या (शाळेबाहेरच्या, गावोगाव स्पर्धा खेळणाऱ्या क्लबच्या) कोचने तिला आकडा सांगितला, तो मी तुम्हालाही सांगते. डिव्हिजन वनमध्ये सॉफ्टबॉल असलेली कॉलेजं सुमारे तीनशे, डिव्हिजन थ्रीमध्ये चारशेहून अधिक, मधली डिव्हिजन टू वेगळी, शिवाय एनएआयए ही कॉलेजांची वेगळी संघटना आणि बारावीनंतरची दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं. त्या मध्यरात्रीच्या फोनांचा संबंध यातल्या अगदी थोड्या कॉलेजांशी असतो. डिव्हिजन थ्रीच्या कोचना तर ही तारीख लागूच नाही. ते आधीपासून मेलला उत्तर देतात, आणि त्यांचं बरंचसं काम सीनियर वर्षाच्या तोंडावर, जुलैपासून पुढे चालतं.

आता पैशांबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे याबद्दल मोठे गैरसमज आहेत आणि एकमेकांना खरं सांगायला आपण लाजतो.

सॉफ्टबॉलमध्ये पूर्ण स्कॉलरशिप ही कायम दुर्मीळ गोष्ट होती. कित्येक वर्षं डिव्हिजन वनच्या टीमला मिळून १२ स्कॉलरशिपांएवढीच रक्कम देता येई, आणि कोच ती वीस-पंचवीस जणींत वाटून द्यायचा. पिचरला (चेंडू टाकणारीला) मोठा घास, बाकीच्यांना चतकोर. डिव्हिजन टूमध्ये हा आकडा ७.२, एनएआयएमध्ये १०. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप शून्य, आणि हार्वर्ड-येल वगैरेंच्या आयव्ही लीगमध्येही शून्य, तिथे मिळते ती घरची परिस्थिती बघून दिलेली मदत. ज्युनियर कॉलेजांच्या वरच्या गटात मात्र २४ पर्यंत देता येतात. तो रस्ता आपल्या लोकांना कमीपणाचा वाटतो, पण दोन वर्षं फी न भरता खेळून, मग मोठ्या विद्यापीठात जाऊन डिग्री घेतलेली मुलगी मी पाहिली आहे.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने कॉलेज-खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या हाऊस खटल्यातली तडजोड मान्य केली आणि चित्र बदललं. ज्या कॉलेजांनी ती स्वीकारली, त्यांच्यावर आता स्कॉलरशिपच्या संख्येचं बंधन नाही. त्याऐवजी टीममध्ये जास्तीत जास्त २५ मुली. कागदावर सगळ्या २५ जणींना पूर्ण फी देता येते. पण द्यायची मुभा असणं आणि तिजोरीत पैसे असणं यात अंतर आहे. २५ चं कुंपण मात्र लगेच जाणवतं. पूर्वी एखादी होतकरू मुलगी स्कॉलरशिपशिवाय टीमसोबत सराव करत राहायची, तिसऱ्या वर्षी खेळायला लागायची. आता तशा जागा आक्रसल्या. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. २०२४ च्या एप्रिलपासून खेळाडूला, अभ्यास नीट चालू असेल तर, कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळता येतं. मग कोचसमोर एकीकडे आपली सतरा वर्षांची मुलगी आणि दुसरीकडे दोन हंगाम खेळून आलेली वीस वर्षांची. तुम्ही कोच असता तर काय केलं असतं?

मग कुणीतरी निजारी कॅनडीचं नाव काढतंच. स्टॅनफर्डची ही पिचर २०२४ मध्ये टेक्सस टेक विद्यापीठाला गेली, तेव्हा तिला वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त मिळणार असल्याच्या बातम्या आल्या, आणि पुढच्याच वर्षी तिने ती टीम ओक्लाहोमा सिटीत राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत नेली. तिथे टेक्सस विद्यापीठाने त्यांना हरवलं. मी ते सामने लेकीबरोबर बसून पाहिले, कॅनडीचा चेंडू पाहून हात जोडावेसे वाटतात. पण अशी एखादीच असते. तिच्याकडे बघून आपल्या घराचा हिशेब मांडू नका. माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात मी ट्रॅव्हल बॉलचा खर्च लिहीत गेले: टीमची फी, कॅचिंगचे खासगी धडे, हॉटेल, विमान, दर दोन वर्षांनी बॅट. शेवटची बेरीज केली तेव्हा आमच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाची एका वर्षाची फी सहज निघाली असती. स्कॉलरशिप मिळेल म्हणून हा खर्च करत असाल तर आजच थांबा. तिला खेळायला आवडतं म्हणून करत असाल तर करा, मीही पुन्हा करेन.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आणखी एक अडचण आहे आणि ती कोणत्याच अमेरिकन कोचला माहीत नसते. माझी लेक चार वर्षांची असताना इथे आली. आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, ती एच-४ वर, म्हणजे इथे कामाच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे. एच-४ वरच्या मुलीला सरकारी विद्यार्थी-मदत मिळत नाही. अनेक कॉलेजं तिला परदेशी विद्यार्थी धरतात, मग ती किंडरगार्टनपासून इथल्याच शाळेत शिकलेली का असेना. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लागू होईल की नाही हे राज्याराज्यावर अवलंबून. नोकरीची परवानगी नाही, त्यामुळे जाहिरातींचे आणि नावाचे जे पैसे आज कॉलेजच्या खेळाडूंना मिळतात त्यांना हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारलंच पाहिजे. आणि एकवीस पूर्ण झाली की एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्येच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. डिग्रीनंतर काम करायची जी वर्षभराची मुभा असते, इंजिनिअरिंग-विज्ञानवाल्यांना आणखी दोन वर्षं, तीही एफ-१ वरच्याच मुलांना, आणि त्यासाठी आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेलं असावं लागतं, ते वर्ष एच-४ वर काढलेलं असलं तरी चालतं. खेळाची स्कॉलरशिप मात्र एच-४ वाल्या मुलीला घेता येते.

आम्ही हे कोचला सांगायला कचरत होतो. वाटायचं, लफडं नको म्हणून दुसरीला घेतील. लेकीने पहिल्याच खऱ्या फोनवर सांगून टाकलं. कोच म्हणाल्या, मला यातलं कळत नाही, पण इंटरनॅशनल ऑफिसातल्या बाईंचा नंबर देते. त्या बाईंनी वीस मिनिटांत सगळं समजावलं. तुम्हीही लपवू नका. ज्या कॉलेजात तो नंबर मिळत नाही, तिथे तिसऱ्या वर्षी काय होईल याचा विचार करा. परदेशी धरल्या जाणाऱ्या मुलीची आर्थिक गरज न बघता प्रवेश देऊन मग पूर्ण मदत करणारी थोडीच कॉलेजं आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांसारखी. तिथे सॉफ्टबॉल आहे, पण तिथला प्रवेश सॉफ्टबॉलच्या जोरावर मिळतो या भ्रमात राहू नका. कोच शब्द टाकू शकतो, तोही मार्क आधीच त्या तोडीचे असतील तरच. बाकी बऱ्याच कॉलेजांत तुम्ही किती मदत मागता हे प्रवेश देतानाच बघितलं जातं. म्हणून अर्ज करण्याआधी, विशेषतः एकदा मिळालं की जावंच लागतं असा अर्ली डिसिजनचा अर्ज करण्याआधी, आमच्या हातात किती पडेल याचा अंदाज लेखी मागा. कोच "बघू" म्हणाला तर आणखी एकदा मागा.

आता आमची गोष्ट, त्यातली मला सांगायला सर्वात जड जाणारी.

ज्युनियर वर्षाच्या थंडीत एका डिव्हिजन वन कॉलेजने तिला तोंडी ऑफर दिली. नाव मोठं नव्हतं, पण डिव्हिजन वन होतं. थोडी स्कॉलरशिप होती. मी त्या रात्री अमरावतीला फोन केला, आईने देवापुढे साखर ठेवली. लेकीने होकार दिला. तोंडी होकार दोन्ही बाजूंना बांधत नाही, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. एप्रिलमध्ये त्या कोच दुसरीकडे गेल्या. मे महिन्यात नव्या कोचचा फोन आला, चार मिनिटांचा. त्यांना त्यांच्या ओळखीची कॅचर आणायची होती. सोळा वर्षांच्या मुलीने तो फोन स्वतः घेतला, "थँक यू" म्हणून ठेवला, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन नेटवर तासभर चेंडू मारत बसली. मी दारात उभी होते. आत जायचं धाडस झालं नाही.

त्या उन्हाळ्यात तिने आम्हाला बसवून सांगितलं, "आई, त्या कॉलेजात मला केमिकल इंजिनिअरिंग करताच आलं नसतं. मी व्हिजिटला गेले तेव्हाच मला कळलं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात."

मला आधी ते खरंच वाटलं नाही. मग तिने सांगितलं. व्हिजिटमध्ये तिला एका सीनियर खेळाडूच्या खोलीत राहायला ठेवलं होतं. त्या मुलीला हिने विचारलं, तुझा मंगळवार कसा असतो? सहा वाजता वजनं उचलायची, मग तास, एकपासून मैदान. प्रयोगशाळेचे तास दुपारीच असतात, म्हणून ज्या विषयांना प्रयोगशाळा आहे ते विषय टीममधल्या मुली सहसा घेत नाहीत. एकीने नर्सिंग सोडलं, एकीने बायोलॉजी. कुणी सक्ती केली नव्हती, वेळापत्रकात बसलं नाही एवढंच.

तो मंगळवारचा प्रश्न आम्हाला असा कळला. तुमच्या मुलीने विचारावा म्हणून थोडा हिशेब सांगते. एनसीएएच्या नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला २० तासच खेळासाठी घेता येतात. ऐकायला ठीक वाटतं. पण सामन्याचा दिवस, मग तो सकाळी आठ ते रात्री आठ असला तरी, ३ तासच मोजला जातो. आणि प्रवास मोजतच नाहीत. डिव्हिजन वनचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, जास्तीत जास्त ५६ सामने. उत्तरेकडच्या कॉलेजांत तेव्हा मैदानावर बर्फ असतो, म्हणून फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया. गुरुवारी विमान, तीन दिवसांत पाच सामने, रविवारी मध्यरात्री परत, सोमवारी परीक्षा. हे काही मुलींना मनापासून आवडतं, आणि त्या त्यातच खुलतात. माझ्या मैत्रिणीची पिचर मुलगी तशीच आहे, तिला त्या जगातून बाहेर काढलं तर ती कोमेजेल. तिच्यासाठी तेच योग्य कॉलेज. प्रश्न आपल्या मुलीचा आहे.

त्यानंतर लेकीने स्वतः यादी केली. पहिला रकाना केमिकल इंजिनिअरिंग, दुसरा सॉफ्टबॉल, तिसरा एच-४ वाल्यांना मदत. त्या तीन चाळण्यांतून जी उरली ती बहुतेक डिव्हिजन थ्रीची. मी तोंड वाकडं केलं, खोटं कशाला बोलू. डिव्हिजन थ्री म्हणजे हौशी, असं माझ्या डोक्यात होतं. मग आम्ही एक सामना बघायला गेलो. पिचर जो चेंडू टाकत होती तो बघून मी गप्प बसले. टफ्ट्स विद्यापीठाने २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षं डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं आहे, आणि त्या मुली त्याच वेळी अमेरिकेतल्या एका अवघड कॉलेजात शिकतही होत्या. इथे जास्तीत जास्त ४० सामने, बहुतेक बसने जाण्याच्या अंतरावर, आणि वसंताच्या सुट्टीत फ्लोरिडाची एक फेरी. माझ्या लेकीची प्रयोगशाळा मंगळवारी दुपारी असते. ती सरावाला पंचेचाळीस मिनिटं उशिरा पोचते, आणि टीममधल्या आणखी तिघी तिच्याबरोबरच धावत येतात. हे कोचने पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, आम्ही विचारण्याआधी.

कोचला काय विचारायचं, असं तुम्ही विचारता. तुमच्याकडे किती कॅचर आहेत आणि त्या कोणत्या वर्षात आहेत, हे आधी. तीन कॅचर, तिघी पहिल्या-दुसऱ्या वर्षात, तर तुमची मुलगी दोन वर्षं बुलपेनमध्ये पिचरांचे चेंडू पकडत बसेल. तिला ते चालेल का, हेही तिलाच विचारा. माझ्या विषयाच्या किती मुली टीममध्ये आहेत? गेल्या चार वर्षांत किती जणी मध्येच सोडून गेल्या? गुडघा गेला तर पैशांचं काय होतं? या शेवटच्या प्रश्नाला कोच कसं उत्तर देतो ते नीट ऐका, कॅचरच्या आईने तर नक्कीच. आणि जमलं तर कोच नसताना मुलींबरोबर जेवायला बसू द्या. डायनिंग हॉलमध्ये मुली जे सांगतात ते कोणत्याही माहितीपत्रकात नसतं. भाजी-भात मिळतो का हेही तिथेच कळतं, आणि शाकाहारी घरातल्या मुलीसाठी ती लहान गोष्ट नाही. दिवसाला चार तास घाम गाळणारी मुलगी चार वर्षं चीज पिझ्झावर राहू शकत नाही.

एनसीएएच्या पात्रतेची काळजी आपल्या घरांत फारशी नको. १६ मुख्य विषय, त्यातले १० सीनियर वर्षाच्या आधी, डिव्हिजन वनसाठी ४ पैकी २.३ ग्रेडची सरासरी. आपल्या मुली ते करतातच. शाळेच्या समुपदेशकाकडून एकदा तपासून घ्या, बस.

आणखी एक, यावर मात्र मी हट्टाने बोलणार. मेल मुलीने लिहू द्या. पहिली दोन वर्षं लेकीच्या नावाने सगळ्या मेल मी लिहिल्या, तिच्या बाबांनी व्याकरण तपासलं. इतक्या सुबक मेल, की एका कोचने तिला पुढे फोनवर विचारलं, हे तूच लिहितेस का? ती खोटं बोलली नाही. कोच नम्रपणे म्हणाले, पुढची तुझ्याकडून आली तर आवडेल. मला त्या दिवशी फार ओशाळल्यासारखं झालं. नंतर तिने लिहिलेली मेल चार ओळींची होती. मी कॅचर आहे, चेंडू हातात आल्यापासून दुसऱ्या बेसपर्यंत दोन सेकंदांच्या आत टाकते, या शनिवारी अमुक मैदानावर नऊ वाजता खेळते, मला केमिकल इंजिनिअरिंग शिकायचंय. सोबत तीन मिनिटांचा व्हिडिओ. त्या मेलला जेवढी उत्तरं आली तेवढी माझ्या सगळ्या निबंधांना मिळून आली नव्हती. फोनवरही तेच. मुलगी बोलत असताना बाजूला बसून कागदावर प्रश्न लिहून पुढे सरकवू नका. मी सरकवले आहेत. कोचला ऐकू येतं ते.

आणि सामन्यानंतरचा गाडीतला तास. आपण त्या तासात सामन्याचं पोस्टमॉर्टेम करतो: ती कशी सुटली, तिथे बंट का केला नाहीस. लेकीने मला एकदा सांगितलं, आई, पहिला अर्धा तास फक्त खायला दे. तेव्हापासून मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुढे करते आणि गप्प बसते. कॉलेजच्या निवडीबद्दलही ती स्वतः होऊन बोलली ती अशाच एका गाडीतल्या शांततेत, इंडियानातल्या कुठल्याशा टोल नाक्याजवळ.

२०२८ मध्ये सॉफ्टबॉल पुन्हा ऑलिंपिकमध्ये येतोय, लॉस एंजेलिसचं यजमानपद, पण सॉफ्टबॉलचे सामने ओक्लाहोमा सिटीत. आमच्या घरात आतापासून त्याची तिकिटं, तारखा असं सगळं बोलणं चालू आहे. लेक म्हणते, तेव्हा मी पदवीधर असेन, आपण आजीलाही आणू.

तिच्या आजीला अजून नीट कळत नाही की नात खेळते ते कॉलेज डिव्हिजन किती. ती विचारते, "पोरीला तिथे गमतं का?" मी फोन लेकीकडे देते.

दिवाळीच्या कार्यक्रमाला मी येणार आहे, खर्चाची वही आणि लेकीची ती तीन रकान्यांची यादी घेऊन. ज्यांची मुलगी यंदा ज्युनियर किंवा सोफोमोर (दहावीत) आहे त्यांनी जेवणं झाल्यावर मागच्या टेबलाशी या, मुलींनाही आणा. लेक त्या दिवशी नऊ वाजता व्हिडिओ कॉलवर असेल. मुलींचे प्रश्न ती घेईल, आपण तोवर चहा घेऊ.

आपली,
अमरावतीची एक माहेरवाशीण आणि एका कॅचरची आई